बोगद्यावरचा तडा

१

प्लास्टर पाण्यात सोडावं, पाणी प्लास्टरवर ओतू नये. एवढं ज्याला कळलं त्याला निम्मं काम आलं, असं मी पलटणीत नव्या जवानांना सांगायचो. आमची पलटण सॅपर्सची, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्यांची. लढाईआधी साहेबलोकांना मुलूख समजावा म्हणून डोंगर, नद्या, पूल टेबलावर उभे करायचे, ते काम माझ्याकडे असे. एकाहत्तरची लढाई झाली, पुढच्या वर्षी मी पेन्शनीत निघालो आणि मलकापूरला घरी आलो. शेतात भावानं ऊस लावलेला, त्याचं त्याला पुरत होतं. हातात कला असावी आणि ती कुणालाच नको असावी, यासारखं वाईट काही नाही.

म्हणून त्र्याहत्तरच्या श्रावणात सांगलीहून दाजींचं पत्र आलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी गाडीत बसलो. दाजी म्हणजे दादासो, माझ्या थोरल्या बहिणीचे, मनुबाईचे मालक. हरिपूरच्या वाटेला त्यांची गल्ली आणि गल्लीच्या गणपती मंडळाचे ते अध्यक्ष. छोट्या रुळांची जुनी आगगाडी बंद झालेली, लोकांना तिची अजून हळहळ वाटायची. म्हणून आदल्या वर्षी मंडळानं तिचाच देखावा केला होता. प्लास्टरचा डोंगर, डोंगरात बोगदा, बोगद्यातून निघणारी पत्र्याची गाडी. तिसऱ्या दिवशी आरती चालू असताना डोंगराला वरपासून खालपर्यंत तडा गेला आणि अर्धा डोंगर पुढं कोसळला. पुढं मनुआक्का आरतीचं ताट घेऊन उभी होती. सगळं तिच्या उजव्या खांद्यावर आलं. वर्ष झालं तरी तिचा तो हात छातीच्या वर जात नव्हता.

मी पोचलो तेव्हा ती डाव्या हातानं भाकरी थापत होती.

"औंदा बी मी तितंच हुबी ऱ्हानार, मानसिंगा," ती म्हणाली. "डोंगराम्होरं. लोक म्हनत्यात, देवाला न्हाई आवडलं. मला त्येंचं तोंड बंद करायचं हाय. तू कायबी कर, पन तडा जाऊ देऊ नगंस."

"न्हाई जायचा," मी म्हणालो. तोंडातून गेलं ते गेलं.

२

मंडळ देखावा मांडायचं ती वखार हळदीची, पण गेली काही वर्षं बंद पडलेली. मालक कोल्हापूरला, किल्ली दाजींकडे, ती त्यांनी माझ्या हवाली केली. लांबलचक जागा, खाली शहाबादी फरशी, वर पत्रे, मागच्या भिंतीला एकच खिडकी. हळद गेली तरी वास गेला नव्हता. भिंतीला पाठ टेकली की सदरा पिवळा व्हायचा.

गेल्या वर्षीच्या डोंगराचे तुकडे कोपऱ्यात पडले होते. ते मी उलटून पाहिले आणि हसलो. आंब्याच्या ओल्या फळ्या, त्यांच्यावर थेट प्लास्टर, कुठं बोटभर जाड, कुठं पापडासारखं पातळ. न फुटतं तरच नवल. प्लास्टर आपणहून कधी फुटत नाही. खालचं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि मग आकसतं, धावत्या गाडीचा हादरा बसतो, नाहीतर करणाऱ्याला घाई असते. देवाचा यात काही संबंध नसतो.

मी वाळलेलं सागवान मागितलं, ते जुन्या दारांचं मिळालं. त्याला दोनदा तेल पाजलं, म्हणजे ते प्लास्टरमधलं पाणी पिणार नाही. सांगाड्यावर तारेची जाळी, जाळीवर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या, एक थर आडवा, एक उभा. पाण्यात जरासा सरस, म्हणजे प्लास्टर सावकाश धरतं. वरच्या थरात बारीक कातरलेला काथ्या. रूळ डोंगराला कुठंही टेकू दिले नाहीत. त्यांची फळी वेगळ्या पायांवर ठेवली आणि मधल्या फटीत जुन्या घोंगडीची पट्टी घातली. गाडी कितीही धावली तरी डोंगराला पत्ता लागू नये.

गाडी केली होती आकारामनं. पत्र्याचे डबे आणि चाळण्या करणारा माणूस, पण इंजिन असं केलं होतं की शिट्टी तेवढी राहिली. आत शिलाई मशीनची मोटर बसवली होती.

"हवालदार, ह्यो डोंगर हाय का बंकर?" तो मला म्हणाला.

"बंकरच हाय. तुजी गाडी तेवडी सरळ चालव."

आठव्या दिवशी डोंगर उभा राहिला. चौदा फूट लांब, माझ्या छातीइतका उंच, आतून पोकळ. मागून रांगत आत शिरता येईल एवढी जागा ठेवली होती. प्लास्टरची जाडी सगळीकडे अर्धा इंच, मी सुई टोचटोचून पाहिली. त्या संध्याकाळी मी आक्काच्या घरी तीन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

नवव्या दिवशी सकाळी कुलूप काढलं तर बोगद्याच्या तोंडावर तडा होता. वीतभर लांब, विळ्यासारखा वळलेला. मला राग आला नाही. नवं काम अंग मोडून घेतं, होतं असं. कडा भिजवल्या, पातळ प्लास्टर भरलं, बोटानं सारखं केलं आणि चहाला गेलो.

३

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथंच होता. पलटणीची सवय म्हणून त्याच्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिलीनं रेघ उतरवून घेतली. मग भरला. तिसऱ्या दिवशी कागद धरला तर रेघेवर रेघ बसली. फक्त खालचं टोक दोन बोटं पुढं सरकलं होतं.

एकाच जागी पुन्हा पुन्हा तडा गेला तर कारण खाली शोधावं. मी फरशीवर लेव्हल ठेवली. सकाळी बुडबुडा मधोमध होता. दुपारी तो केसभर सरकलेला वाटला, म्हणजे बोगद्याकडची बाजू केसभर खाली. दाजींना बोलावून दाखवलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," दाजी हसून म्हणाले. "पाव्हणं, ह्या फरशीवर माज्या डोळ्यांदेखत पोत्यांची पत्र्यापतुर थप्पी हुबी ऱ्हायलीया. तुमचा डोंगर तिला काय जड?"

त्यांचंही बरोबर होतं. आक्का म्हणाली, कोयनेचा बारका धक्का असेल. सदुसष्ट सालापासून आमच्याकडं फळीवरचं भांडं पडलं तरी कोयनेवर घालायची रीत आहे. मी वाचनालयात जाऊन चार दिवसांचे पेपर चाळले, धक्क्याची एक ओळ नव्हती. मग वाटलं, खिडकीतून ऊन येतं. खिडकीला पोतं लावलं. मग वाटलं, गाडीच. आकारामला सांगून दोन दिवस गाडी बंद ठेवली. तडा आपल्या वेळेवर आला.

शेवटी मी दुखणं कापूनच काढलं. बोगद्यावरचा सुपाएवढा तुकडा करवतीनं उतरवला, नवी जाळी ठोकली, गोणपाटाचे दोनऐवजी तीन थर चढवले. त्या जागी आता हातोडा मारला असता तर हातोडाच उडाला असता. दुसऱ्या दिवशी त्या कोऱ्या प्लास्टरवर तोच विळा उमटला होता. कागद धरायची गरज नव्हती, तरी मी धरला.

तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की हा तडा डोंगराला जात नाही, त्या जागेला जातो. आणि हा विचार मी लगेच हाकलून दिला, कारण जागेला प्लास्टर लावता येत नाही.

४

नुसत्या तड्याला मी भ्यालो नसतो. पण तो प्लास्टर खायला लागला.

वीतभर तडा भरायला एक वाटी पुष्कळ झाली. त्या दिवशी वाटी गेली, दुसरी गेली, मग मी डेगचीच कलती केली. जेवढं घालावं तेवढं आत सरकत होतं, आणि तड्याच्या ओठावर थेंब राहत नव्हता. मी स्वतःला समजावलं की डोंगर पोकळ आहे, सगळं आत पडत असणार. बॅटरी घेतली आणि मागून रांगत आत शिरलो.

आत सगळं कोरडं होतं. सागवानाचा सांगाडा, जाळी, गोणपाटाचं विणकाम. खाली फरशीवर प्लास्टरचा एक ठिपका नाही. आणि वर, बोगद्याच्या डोक्यावर, जिथं बाहेरून बोट जाईल एवढी फट होती, तिथं आतून तडाच नव्हता.

"आकाराम," मी आतून हाक मारली, "ती थापी घे आन् तड्यात घाल."

"घातली."

"किती?"

"मुठीपतुर गेली की."

थापीचं पातं नऊ इंचांचं. प्लास्टर अर्धा इंच. मी त्या जागी आतून तळहात टेकवून बसलो होतो. पृष्ठभाग गार आणि सपाट होता.

"काड, आन् परत घाल."

"परत गेली. आवं हवालदार, तुमच्या हाताला लागंल की."

मी बाहेर आलो आणि त्याला काय ते सांगितलं. त्यानं थापीकडं पाहिलं, डोंगराकडं पाहिलं, मग चाळण्यांची मोठी मागणी आलीय म्हणून निघून गेला. चाळण्यांची मागणी श्रावणात येत नाही, पण मी त्याला अडवलं नाही.

भर दुपार होती. बाहेर रस्त्यावर टांग्याचा घोडा फुरफुरत होता. मी गाल तड्याजवळ नेला. आतून ऊबदार, दमट वारा येत होता, आणि त्याला हळदीचा वास होता. वखारीत हळदीचाच वास येणार, मी मनाला म्हणालो. पण वखारीतला वास जुना आणि कोरडा होता, हा ओला होता. मग कान लावला. खूप खालून, घमेल्यात थापी फिरवल्यासारखा आवाज येत होता. दोनदा गोल, एकदा उलट. प्लास्टर कालवल्याचा आवाज मला झोपेतही ओळखता येईल. मी कुलूप लावून सरळ घरी गेलो.

५

सकाळी तडा भरलेला होता.

मी भरला नव्हता. कुलूप माझ्या हातचं, किल्ली माझ्या करगोट्याला. भरलेलं प्लास्टर जरासं बाहेर फुगून आलं होतं, पाठीमागून दाबलं की येतं तसं, आणि त्याच्यावरून कुणीतरी बोट फिरवून ते सपाट केलं होतं. खोटं कशाला बोलू, काम माझ्यापेक्षा साफ होतं. मला आधी भीती वाटली नाही, आधी झोंबलं.

आकारामला गाठून विचारलं. तो आईची शपथ घेऊन म्हणाला की गावजेवण दिलं तरी तो त्या डोंगराला हात लावणार नाही. मग मी एसटी स्टँडवर गेलो. कऱ्हाडची गाडी लागलेली होती. मी तिच्या पायरीवर पाय ठेवला आणि आक्काचा हात डोळ्यांपुढं आला, भाकरी थापणारा डावा नव्हे, मांडीवर पडून राहिलेला उजवा. मी परत फिरलो.

आक्काला सगळं सांगायचा धीर झाला नाही, निम्मं सांगितलं. म्हणालो, रोज तडा जातोय आणि रात्रीत कुणीतरी तो बुजवतंय.

"बुजतुया न्हवं?" ती म्हणाली.

"बुजतुया."

"मंग बुजिवनाऱ्याला कशापायी नावं ठेवतुयास? त्येला काय हवं नगं ते बग."

बायकांची बुद्धी चुलीपुरती असं म्हणणाऱ्यानं माझ्या बहिणीला पाहिलेलं नाही. त्या दिवसापासून मी दिवेलागणीच्या आधी दोन डेगच्या प्लास्टर तड्यात सोडायचो, मागोमाग प्लास्टरात बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. पट्टीचं टोक आत गेलं की उरलेली पट्टी माझ्या बोटांतून हळूच ओढली जायची. हात मात्र मी कधी आत घातला नाही. सकाळी तडा बंद असायचा, दिवस कलला की पुन्हा उघडायचा. न बोलता असा आमचा करार झाला.

गणपती बसले. दाराजवळच्या चौथऱ्यावर मूर्ती, आत डोंगर. गाडी बोगद्यातून निघाली तेव्हा म्हातारी माणसं रडली. पलीकडच्या गल्लीच्या मंडळाचा आप्पासो पैलवान मुद्दाम येऊन अर्धा तास तडा शोधत बसला आणि हात हलवत गेला. दाजी मिशीला पीळ देऊन फिरत होते. मीही फिरलो, का नाही फिरायचं?

६

गौरीजेवणाच्या दिवशी दुपारी गल्लीतल्या आणि बाहेरच्या सगळ्या बायका देखावा बघायला आल्या. नवी लुगडी, कडेवर लेकरं, शंभराच्या वर माणूस असेल. आक्का ताट घेऊन बरोबर गेल्या वर्षीच्या जागेवर, बोगद्यासमोर उभी होती. मी डोंगराच्या बाजूला डेगचीत प्लास्टर भिजवून तयार होतो.

वाळलं पाचट मोडावं तसा आवाज झाला. तडा उघडला, या वेळी दोन बोटं रुंद. त्याच क्षणी आक्काच्या ताटातल्या निरांजनाकडं माझं लक्ष गेलं. तिनं ताट सरळ धरलं होतं, पण निरांजनातलं तेल एका अंगाला चढलं होतं. ताट सरळ नव्हतं, ती सरळ नव्हती, ती उभी होती ती फरशी सरळ नव्हती.

मी मूठभर प्लास्टर तड्यात दाबलं. तेल मागं आलं. मी थांबलो, तेल पुन्हा चढलं. मी दाबलं, आलं.

मग मला कळलं. मी इतके दिवस डोंगर सांभाळतोय असं समजत होतो. त्या फरशीखाली काहीतरी पोकळ होतं आणि माझं प्लास्टर तिथं जात होतं.

"दाजी," मी म्हणालो, आवाज न चढवता, "बायकांस्नी भाईर काडा. पळवू नगा, चालवत न्या. पोरं आदी."

अंगण वाकडं म्हणणारा माणूस, पण त्या वेळी त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. दारात जाऊन मोठ्यानं म्हणाले की गौरीची आरती औंदा रस्त्यावर हाय, चला सगळ्या. बायका गप्पा मारत, रेंगाळत, मागं वळून गाडी बघत निघाल्या. एवढं सावकाश चालणारं माणूस मी आयुष्यात पाहिलेलं नाही. मी भरत होतो. डेगची संपली. दुसरी कालवायला हात मोकळा नव्हता.

आक्कानं ताट फरशीवर ठेवलं, पदर खोचला आणि घमेल्याशी बसली.

"पान्यात सोड आक्का, पानी वर वतू नगंस."

"मला शिकवू नगंस," ती म्हणाली आणि डाव्या हातानं कालवायला लागली. गुठळी नाही, फेस नाही. पलटणीत असं कालवणारा मला एक जवान मिळाला नव्हता.

तिनं चार घमेली दिली. आम्ही भरत होतो, पलीकडून कुणीतरी घेत होतं. मला त्याची घाई जाणवत होती, गोळा टेकवायच्या आत ओढला जायचा. मग पोतं रिकामं झालं. फरशीवरच्या ताटात निरांजनातलं तेल पुन्हा चढलं. दारात अजून दहा-बारा बायका होत्या.

मी विचार केला नाही. कोपरापर्यंत हात तड्यात घातला.

तो कुणीतरी धरला. ओला, खरखरीत, प्लास्टर वाळून कातड्याला तडे गेलेला हात. ओढत नव्हता. भार पेलणारा माणूस दुसऱ्याचा हात धरतो तसा त्यानं धरला होता, आणि तो भार माझ्या खांद्यात आला. दातावर दात दाबून मी उभा राहिलो. तेल मागं आलं. असे आम्ही दोघं किती वेळ उभे होतो ते सांगता येणार नाही.

"आक्का, जा भाईर."

"तू बी चल."

"जा म्हनलं न्हवं?" मी तिच्यावर ओरडलो. जन्मात पहिल्यांदा.

ती गेली. तिची टाच उंबऱ्याबाहेर पडली आणि त्या हाताची बोटं एकेक करून सुटली. मग त्यानं माझ्या तळव्यावर जोरात थाप मारून मला मागं ढकललं. मी धावलो. दाराच्या चौकटीत पोचलो तेव्हा मागं फरशी बसली, डोंगर बसला, आणि पिवळा धुरळा माझ्या पाठीवर येऊन आदळला.

७

गल्लीतल्या प्रत्येकानं आपापली माणसं मोजली. सगळी होती. कुणाला खरचटलंही नव्हतं. चौथऱ्यावर गणपती जागच्या जागी, सोंडेवर नुसती हळद. लोक दाजींना उचलायला निघाले, दाजींनी मला उचलायला लावलं. बायका आक्काच्या पाया पडत होत्या. ती हसत होती आणि रडत होती. मला मात्र खांद्यावर बसवेना.

"खाली मानूस हाय," मी म्हणालो.

धुरळा बसल्यावर पाहिलं तर फरशीच्या मधोमध गोल भगदाड होतं. हरिपूरच्या तात्याबांना बोलावलं. हळद साठवायला जमिनीत खोल पेवं खणतात, तोंड अरुंद आणि पोट मोठं, त्यांत उतरण्यात तात्याबांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी वाकून पाहिलं.

"पेव हाय. लय जुनं. हितं पेव हाय हे माज्या बाला बी ठावं नसंल." त्यांनी कंदील दोरीला बांधून सोडला. कंदील दोन पुरुष खोल गेला आणि विझला. पुन्हा लावून सोडला, पुन्हा विझला. "हवा मेलीया. ह्यात मानूस जगत न्हाई, हवालदार."

मी पालथा पडलो आणि बॅटरीचा झोत भगदाडाच्या कडेखाली टाकला. उरलेल्या फरशीला खालून गोणपाटाच्या पट्ट्या चिकटलेल्या होत्या. पांढऱ्या, अजून ओल्या. एक थर आडवा, एक उभा. सांगलीत मी ही पद्धत कुणाला शिकवली नव्हती. शेजारी दाजीही पालथे पडले होते. त्यांनी पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

मग मी तात्याबांना हाताचं सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"पेवात एक उतरतो आन् एक वर दोर धरतो," ते म्हणाले. "खालचा वर आल्याबिगर वरच्यानं जागा सोडायची न्हाई. पानी प्यायला न्हाई, घर पेटलं तरी न्हाई. तुमी वरचं मानूस हुता. तुमी जागा सोडलीसा."

"त्येनंच ढकललं मला."

"आसंल. पन तो अजून खालीच हाय न्हवं?"

त्यांनी आपला दोर माझ्यापुढं टाकला. मी तो पेवात सोडला, कंबरेला वेढा घेतला आणि कडेला बसलो. लोक थोडा वेळ थांबले, मग बाहेर रस्त्यावर आरतीला गेले. टाळ्यांचा आवाज येत होता. आत मी, तात्याबा आणि दारात आक्का. ऊन खिडकीतून उतरून भिंतीच्या बुडाशी गेलं. विझलेल्या कंदिलाचा, मेलेल्या हवेचा, जुन्या हळदीचा वास येत होता, आणि माझी अक्कल मला सांगत होती की मानसिंगा, ऊठ, तू मातीच्या ढिगाऱ्यात दोर सोडून बसला आहेस.

दोर ताणला गेला.

तात्याबांनी दोन्ही हात छातीशी धरले. मी टाच फरशीत रोवली आणि ओढायला लागलो. माणसाचं वजन होतं, बारक्या चणीच्या, दमलेल्या माणसाचं. हात हात करून दोर येत राहिला. मग भगदाडाच्या कडेवर चार पांढरी बोटं आली आणि शहाबादी फरशीवर टेकली. त्यांच्या मागं आणखी काहीतरी वर येत होतं, आणि मी डोळे मिटले नाहीत, पण घाम डोळ्यांत गेला. पुसून पाहिलं तेव्हा दोर हलका झाला होता. फरशीवर पंजा उमटला होता, ओला. पंज्यापासून दारापर्यंत काहीच नव्हतं. पण दारातली आक्का कुणाला तरी वाट द्यावी तशी बाजूला सरकली होती.

"आलं वर," तात्याबा म्हणाले. "आता उटा."

मी उठलो. मला इतका आनंद लढाई जिंकल्यावरही झाला नव्हता.

८

पेव मुरुमानं भरून घेतलं, पण वखारीत पुन्हा देखावा मांडायची कुणाची छाती नव्हती. मी म्हणालो, बैलगाडीवर करू. आकाराम चाळण्या टाकून परत आला. भगदाडाच्या कडेला त्याचं इंजिन रुळाला लटकून वाचलं होतं.

तीन दिवसांत नवा डोंगर केला. उघड्यावर, उन्हात, मिळेल त्या लाकडावर, घाईघाईत. जे जे करू नये म्हणून मी आयुष्यभर सांगत आलो ते सगळं केलं. माझ्याच नियमानं तो दुसऱ्या दिवशी फुटायला हवा होता. मी सकाळी उठून पाहिलं, दुपारी पाहिलं, संध्याकाळी पाहिलं. केसाएवढी रेघ नव्हती.

विसर्जनाच्या दुपारी बैलगाडी गल्लीतून निघाली. लोखंडी धावांची चाकं दगडागोट्यांवर आदळत होती, डोंगर हिंदकळत होता, वीज नव्हती म्हणून आकारामनं दोरीनं ओढलेली आगगाडी बोगद्यातून ये-जा करत होती. पुढं आक्का ताट घेऊन चालत होती आणि सगळी गल्ली तिच्या मागं. कृष्णेच्या वळणावर आप्पासोच्या मंडळाची मिरवणूक आडवी आली. पुढं कुणी जायचं यावरून दरवर्षी तिथं भांडण व्हायचं. आप्पासो पुढं झाला, डोंगराभोवती एक फेरी मारली, डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तडा न्हाई," तो नाइलाजानं म्हणाला. "नुसता रंग लावून झाकलासा काय रं?"

आणि त्यानं बोटाच्या पेरांनी डोंगरावर दोनदा ठोकलं.

आतून दोनदा उत्तर आलं. सावकाश, स्पष्ट.

वाजंत्री थांबली होती, त्यामुळं ते आसपासच्या सगळ्यांनी ऐकलं. आप्पासो वाकला. गाडीच्या खालून पाहिलं, मागून पाहिलं. या वेळी आत शिरायला जागा ठेवलेली नव्हती, आणि फळ्या चारी बाजूंनी ठोकलेल्या होत्या.

"आत कोन बसिवलंय, हवालदार?"

"जोडीदार हाय माजा," मी म्हणालो.

"पलटनीतला?"

"न्हाई. हितलाच, सांगलीचा."

आप्पासोनं हात मागं घेतला आणि धोतराला पुसला. मग आपल्या माणसांकडं वळून त्यानं त्यांना रस्त्याच्या कडेला व्हायला सांगितलं. त्यांनी वाट दिली आणि आमचे बैल घाटाकडं निघाले.